आपोआप फिरणारा बाण

बिघडलेला संगणक घेऊन येणारा माणूस दुकानाच्या पायऱ्या चढतानाच सांगून टाकतो, “मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.” डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान काल बाहेर काय खाल्लं एवढं तरी कबूल करतो. संगणकाच्या बाबतीत मात्र सगळे धुतल्या तांदळासारखे. नाशिकला शालिमारजवळ पहिल्या मजल्यावर माझं दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मीच आधी म्हणायची, “तुम्ही काही केलं नाही हे मला माहीत आहे. आता काय केलं ते सांगा.”

दुकान आता बंद केलं. गुडघे पायऱ्यांना कंटाळले आणि मी गिऱ्हाइकांना. जुन्या ओळखीच्या घरी मात्र अजून जाते. या धंद्यातल्या बाईकडे पाहून सुरुवातीला लोक विचारायचे, “सर कधी येतील?” मी म्हणायची, “सर घरी स्वयंपाक करताहेत, तोवर मी बघते.” हे खोटंही नव्हतं. आमच्याकडे भरीत यजमानच करतात, आणि चांगलं करतात.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाबद्दल एकच गोष्ट सांगायची तर ही, की व्हायरस कुलूप तोडून फारसा येत नाही. त्याला आपण आत घेतो. लोक सरसकट ज्याला व्हायरस म्हणतात त्यात नाना तऱ्हा असतात. एक नुसत्या जाहिराती दाखवून डोकं उठवतो. दुसरा तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. तिसरा काहीच करत नाही, गुपचूप बसून राहतो आणि तुम्ही काय टाइप करता ते बघतो. सगळ्यात वाईट हा तिसरा, कारण त्याच्याबद्दल तक्रार घेऊन कुणी येतच नाही. पण तिघांचीही येण्याची वाट बहुतेक वेळा तीच. काहीतरी फुकट मिळतंय, काहीतरी ताबडतोब करायचंय किंवा तुमचं अभिनंदन आहे. यातलं काही दिसलं की माणसाचं बोट दाबायला शिवशिवतं.

कधी कधी मात्र आत घेणाऱ्याचा काही इलाजच नसतो. जुन्या नाशकात रफिकभाईंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. हिंदू, मुसलमान, सगळ्यांच्या पत्रिका ते छापतात. लग्नसराईत जो तो पेन ड्राइव्ह घेऊन येणार, त्यात गणपती, फोटो, मजकूर, आणि त्याच पेन ड्राइव्हमध्ये एक चिवट व्हायरस. तो सगळे फोल्डर लपवायचा आणि त्यांच्या नावाचे खोटे आयकॉन तयार करायचा. रफिकभाईंकडून तो फोटोवाल्याकडे जायचा, फोटोवाल्याकडून नवरीच्या मामाकडे. एकेका लग्नात चार-चार घरं आजारी पडायची. मी म्हटलं, “कुणाचा पेन ड्राइव्ह घेऊच नका.” ते म्हणाले, “कसं ना म्हणू मॅडम? समोर पोरीचा बाप उभा असतो. त्याला सांगू, की तुमच्या सामानात बीमारी हाय?”

तोड शेवटी त्यांनीच काढली. एक म्हातारा संगणक दाराजवळच्या टेबलावर ठेवला. त्याला इंटरनेट नाही, आतल्या मशीनशी नातं नाही. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी तिथे लागायचा, तपासला जायचा आणि त्यातलं फक्त चित्र आणि मजकूर आत जायचा. त्या संगणकाला त्यांनी नाव दिलं, मेहमानखाना. “पाहुण्याचा अपमान नाय, आणि घरात गडबड पण नाय,” ते म्हणाले. त्यानंतर मी कित्येकांना समजावताना हाच शब्द वापरला आणि प्रत्येक वेळी रफिकभाईंना श्रेय दिलं, निदान मनातल्या मनात.

मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “मॅडम, अँटिव्हायरस कुठला भारी?” लोकांना एक नाव हवं असतं, त्यांना ते लिहून घ्यायचं असतं. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. घरगुती वापराला विंडोजबरोबर येतं ते संरक्षण पुष्कळ असतं, फक्त ते चालू हवं आणि अपडेट आला की “नंतर बघू” म्हणायचं नाही. विकत घ्यायचंच तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, जाहिरातीवर टिचकी मारून नको. आणि कितीही घाबरलात तरी दोन-दोन बसवू नका, ते एकमेकांनाच चोर समजून धरतात आणि संगणक जागच्या जागी धापा टाकतो. घाबरलेल्या माणसाने तर त्या दिवशी काहीच खरेदी करू नये. भीती दाखवून संरक्षण विकणारे बरेचदा स्वतःच चोर असतात. हे मी इतक्या ठामपणे सांगते ते देवरे काकांमुळे, आणि लिहायला बसले तीही खरं तर त्यांच्यासाठीच.

देवरे काका माझ्याहून फार मोठे नाहीत, पण धंद्यात बहुतेक पुरुषांना काका म्हणायची सवय लागली ती लागली. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. केसाच्या जाडीचाही फरक चालायचा नाही, असं काम. माणूसही तसाच. संगणकाला काकूंनी शिवलेलं कापडी झाकण, माउसखाली स्वच्छ रुमाल. दसऱ्याला मात्र ते हत्यारांबरोबर संगणकाचीही पूजा करायचे आणि काकू त्याला हळदकुंकू वाहून वरून अक्षता टाकायच्या. एका वर्षी त्या अक्षता जाळीतून आत पंख्यात गेल्या आणि मशीन खडखडायला लागलं. काका मला फोनवर म्हणाले, “मॅडम, मी काही केलं नाही.” पहिल्यांदाच कुणीतरी ते वाक्य खरं बोललं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, निलेश, परदेशात असतो. आईवडिलांची विजेची बिलं, बँकेची कामं, अपडेट, सगळं तो तिकडून करायचा. त्यासाठी त्याने एक प्रोग्राम बसवून दिला होता. त्याने तिकडे माउस हलवला, की इकडे पडद्यावरचा बाण हलतो. या प्रोग्राममध्ये वाईट काही नाही, आम्हीही असे प्रोग्राम वापरतो. निलेश रविवारी सकाळी यायचा. म्हणजे बाण यायचा. तो आपोआप फिरायला लागला की काकू आतल्या खोलीतल्या काकांना म्हणायच्या, “पोऱ्या उना,” पोरगा आला. त्या सटाण्याकडच्या, घरात अहिराणी बोलतात. मग दोघं संगणकासमोर खुर्च्या ओढून बसायची. काकू चिवड्याची वाटी आणायच्या. बाण इकडून तिकडे जायचा, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, आणि ही दोघं नाटक बघावं तशी बघत बसायची. मी एकदा त्यांच्याकडे असताना हे पाहिलं आणि विचारलं, “फोनवर बोलत का नाही त्याच्याशी?”

“फोनवर तो घाईत असतो,” काका म्हणाले. “कसे आहात, बरे आहात, ठेवतो. इथं तासभर असतो.”

काही विचारायचं असलं तर निलेश नोटपॅडचं कोरं पान उघडायचा आणि इंग्रजी अक्षरांत दोन शब्द लिहायचा. “बाबा ओटीपी.” काका फोनवर आलेला आकडा एका बोटाने तिथे लिहायचे. काम झालं की बाण थांबायचा. काकू तरीही थोडा वेळ उठायच्या नाहीत.

गेल्या वर्षी श्रावणात दुपारच्या वेळी काकांचा फोन आला. “मॅडम, जरा येता का? संगणक बंद आहे. हिने वायर काढलीय आणि लावू देत नाही.” आवाज नेहमीचा नव्हता. मी आडगाव नाक्याजवळच्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा काकू संगणकाची वायर गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काका खिडकीशी उभे होते.

झालं ते असं. काही दिवसांपूर्वी बातम्या वाचताना काकांच्या पडद्यावर लाल चौकट उघडली. तुमच्या संगणकात धोका आहे, ताबडतोब संरक्षण बसवा. काका शिस्तीचे. कारखान्यात धोक्याची सूचना दिसली की आधी यंत्र थांबवायचं आणि सांगितलेली कृती करायची, हे हाडात मुरलेलं. त्यांनी ती कृती केली. जे बसवलं ते संरक्षण नव्हतं. आत येऊन गुपचूप बसणारा तो तिसरा प्रकार होता. त्यामागे कुठेतरी एक माणूस बसला होता आणि काही दिवस तो नुसता बघत होता. रविवारी बाण कसा येतो, पान कसं उघडतं, “बाबा ओटीपी” कसं लिहिलं जातं, हे सगळं त्याने पाहून घेतलं.

त्या दुपारी बाण आपोआप फिरायला लागला. रविवार नव्हता, तरी काकूंनी हाक मारली आणि दोघं खुर्च्या ओढून बसली. आज मुलगा मधल्या वारी आला म्हणून काका खूश होते. बँकेचं पान उघडलं. पासवर्ड संगणकात साठवलेलाच होता. मग नोटपॅडचं कोरं पान आलं आणि त्यावर शब्द उमटले. “बाबा ओटीपी.” काकांच्या फोनवर आकडा आला. आणि बाण थांबला.

“तो थांबला होता मॅडम,” काका मला म्हणाले. “निलेशचा बाण मध्येच कधी थांबत नाही. मी आकडा शोधतो तोवर तो दुसरीकडे काहीतरी करत असतो. आज नुसता थांबला. मला वाटलं, आज त्याला वेळ आहे.”

म्हणून काकांनी ओटीपी लिहिला नाही. त्याऐवजी ते एका बोटाने दुसरंच लिहीत बसले. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, थांबू नका म्हणतात, पण मी पुढे ढकलतोय. तुला सांगितलं नाही, तुला नवीन नोकरी लागलीय. मला भीती वाटते. एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. बाण हलला नाही. चोराला ओटीपी हवा होता, त्यामुळे त्याच्याकडे वाटेल तेवढा वेळ होता. काका लिहायचे थांबले तेव्हा खाली उत्तर आलं. “ओके. ओटीपी.”

काकांनी फोन हातात घेतला, नव्याने आलेला आकडा बघितला आणि पहिला अंक लिहिला. तेवढ्यात काकूंनी उठून भिंतीतली वायर ओढून काढली.

“हाऊ आमना पोऱ्या नही,” त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, हा आपला मुलगा नव्हे. मला सांगताना त्या मराठीत बोलल्या. “बाप म्हणतो भीती वाटती, आणि पोरगं ओके लिहील का? निलेश असता तर फोन वाजला असता.”

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच बघत होते. “मला त्यात काही वेगळं वाटलं नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, लिहील तो तसं.”

काकू वायर तशीच हातात घेऊन आत गेल्या. मी कामाला लागले. या धंद्याचं एक बरं आहे, तोंड बंद ठेवून हात चालवता येतात.

आधी काकांच्या फोनवरून बँकेला कळवलं आणि पासवर्ड बदलले. बदल नेहमी दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून करायचे, नाहीतर नवा पासवर्डही चोराच्या समोरच लिहिल्यासारखं होतं. सायबर पोलिसांत तक्रार केली. काकूंकडून वायर मागून घेतली आणि इंटरनेट तोडूनच संगणक चालू केला. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेरच्या डिस्कवर घेतली, प्रोग्राम एकही नाही, आणि मग सगळं पुसून विंडोज नव्याने घातलं. लोक म्हणतात, नुसतं शोधून काढून टाका की. साध्या जाहिरातीवाल्याला ते चालतं. पण ज्याने घरात राहून आपल्या चालीरीती शिकून घेतल्या, त्याने जाताना कुठे काय ठेवलंय याची खात्री मी देऊ शकत नाही. मग काकांसाठी वेगळं खातं केलं, ज्यातून नवीन काही बसवताच येत नाही. काका ते बघत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी निलेशला फोन लावला, तिकडे सकाळ होती. त्याला चोरीचं सांगितलं. तो घाबरला, आणि घाबरलेली मुलं आईबापांवर ओरडतात तसा ओरडला. “बाबा, किती वेळा सांगितलं, कशावरही क्लिक करू नका.” काका फडक्याने कीबोर्ड पुसत राहिले. मग तो मला म्हणाला, “मॅडम, माझा प्रोग्रामही पुन्हा टाकू नका. सगळं बंद करून टाका. बिलं मी इथून भरतो. त्यांना संगणक लागतोच कशाला?”

माझ्या धंद्याच्या हिशेबाने तो बरोबर बोलत होता. नको असलेलं दार भिंत घालून बुजवावं, हेच मी आयुष्यभर सांगत आले. काका हातात फडकं घेऊन उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “रविवारचं पण बंद?”

फोनवर निलेशला ते ऐकू आलं नसावं. पाच मिनिटांत परत फोन करते असं त्याला सांगून मी फोन ठेवला.

दुरुस्ती करणाऱ्याला लोकांच्या घरातलं नको ते दिसतं. पत्रिका, भांडणं, औषधांची बिलं, कुणाकुणाचे फोटो. आपण काही पाहिलं नाही असं वागायचं, हा नियम मी कधी मोडला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. काकांनी मला डोळ्यांनीच सांगितलं होतं, की त्याला सांगायचं नाही. मी सांगणारही नव्हते. पण काकांना मात्र बोलले. “काका, तुमच्या ऑपरेशनचं त्या चोराला माहीत आहे आणि निलेशला नाही. हे मला काही पटत नाही.”

“तो नोकरी सोडून येईल.”

“आणि डॉक्टर?”

“ते रागावलेत,” काका म्हणाले. “पुढच्या आठवड्यात भरती व्हा म्हणतात. हिला मीच गप्प बसवलंय.” आतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

मी निलेशला परत फोन केला. म्हटलं, प्रोग्राम मी बसवते, पण आधीसारखा नाही. आधी तुझ्याकडे किल्ली होती, तू केव्हाही आत यायचास. आता बेल वाजवायची. इथे पडद्यावर चौकट येईल, बाबांनी “अलाऊ” दाबलं तरच बाण आत. आणि बेल वाजवायच्या आधी फोन करायचा, तुझा आवाज ऐकल्याशिवाय ते दाबणार नाहीत. निलेश म्हणाला, “मॅडम, यात फार वेळ जाईल.” मी म्हटलं, “जाईल. मग कामं थोडी कमी कर.” हे मी जरा कडक आवाजात बोलले असेन, कारण तो लगेच बरं म्हणाला. काकांना मी नवीन चौकट दाखवली, दोनदा सराव करून घेतला. सरावात ते एकदाही चुकले नाहीत. निघताना मला वाटत होतं, मी बेल बसवून दिली खरी, पण घरातलं कुणी बोलणारच नसेल तर बेलचा काय उपयोग?

रविवारी सकाळी सगळं नीट चालतंय का बघायला मी मुद्दाम गेले. काकूंनी चिवडा आणला, खुर्च्या तीन मांडल्या. फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“बाबा, मी आहे. कनेक्ट करतोय.”

पडद्यावर चौकट उघडली. काकांनी चष्मा नीट केला आणि माउसवर हात ठेवला.

“आली का विंडो? अलाऊ दाबा.”

“आलीय. दाबतो,” काका म्हणाले. मग त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. “थांब जरा. आधी ऐक. माझं हृदयाचं ऑपरेशन करायचंय. या आठवड्यातच म्हणतात. मी तुला सांगितलं नव्हतं.” काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “मला भीती वाटतेय निलेश.”

काकू फोनकडे बघत होत्या, मीही बघत होते. काका कुठेच बघत नव्हते. चौकटीने वाट पाहून पाहून शेवटी पडद्यावरून काढता पाय घेतला.

“कधीपासून, बाबा?” निलेशने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक झाला होता. “सगळं सांगा. मला घाई नाही.”

काका पहिल्यापासून सांगायला लागले.